हरणारा संघ आणि वाट पाहण्याचे गणित

- क्रीडा प्रतिनिधी

शिकागो शहराच्या दक्षिण भागातील व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाने २०२४ च्या मोसमात १६२ पैकी तब्बल १२१ सामने गमावले. मेजर लीग बेसबॉलच्या आधुनिक इतिहासात, म्हणजे १९०० नंतर, एकाच मोसमात एवढे पराभव कोणत्याही संघाच्या वाट्याला आले नव्हते. नव्याने स्थापन झालेल्या न्यूयॉर्क मेट्स संघाने १९६२ मध्ये १२० सामने गमावले होते. तो नकोसा विक्रम व्हाइट सॉक्सने आपल्या नावावर केला. जुलै आणि ऑगस्टमध्ये तर हा संघ सलग २१ सामने हरला.

मात्र शिकागोतील चाहत्यांच्या मनाला लागलेली गोष्ट केवळ पराभवांची नव्हती. याच क्लबने २०१६ च्या डिसेंबरात आपले नामवंत खेळाडू इतर संघांना देऊन ‘रिबिल्डिंग’, म्हणजे संघाची पुनर्बांधणी, सुरू केली होती. काही वर्षे कळ काढा, नंतर चांगले दिवस येतील, असा त्या धोरणाचा अर्थ होता. आठ वर्षांनंतर चाहत्यांच्या कानावर पुन्हा तोच शब्द पडला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांतील मुले आज शिकागो, ह्यूस्टन किंवा बाल्टिमोर येथील संघांच्या टोप्या घालून वावरतात. त्यांच्या घरातही हा प्रश्न अपरिचित नसेल : जो संघ स्वतःच ‘आम्ही सध्या जिंकण्यासाठी खेळत नाही’ असे सुचवतो, त्याच्याकडून चाहत्याने नेमकी काय अपेक्षा ठेवावी? आणि किती काळ?

पुनर्बांधणी कशासाठी?

मेजर लीगमध्ये ३० संघ असून अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग या दोन गटांत ते प्रत्येकी १५ असे विभागलेले आहेत. युरोपातील फुटबॉलप्रमाणे तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलण्याची पद्धत येथे नाही. कितीही सामने हरले तरी पुढील वर्षीचे स्थान पक्के असते. उलट, नवोदित खेळाडूंची वाटणी करणाऱ्या वार्षिक ‘ड्राफ्ट’मध्ये तळाच्या संघांना निवडीची संधी आधी मिळते. १९६५ पासून सुरू असलेल्या या पद्धतीचा हेतू दुबळ्या संघांना हात देण्याचा होता. पण त्यातूनच एक व्यावहारिक हिशेब जन्माला आला. दरवर्षी मधल्या क्रमांकावर रेंगाळणाऱ्या संघाला ना विजेतेपद मिळते, ना उत्तम नवोदित खेळाडू. त्यापेक्षा काही वर्षे तळाशी जाऊन नव्याने पाया घातलेला बरा, असा तो हिशेब.

या हिशेबाला खेळाडूंच्या करारांच्या नियमांची जोड आहे. मेजर लीगमध्ये दाखल झालेल्या खेळाडूवर साधारण सहा वर्षे त्याच्या क्लबचाच हक्क राहतो. पहिली सुमारे तीन वर्षे त्याला किमान वेतनाच्या आसपासच रक्कम मिळते. २०२५ मध्ये हे किमान वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होते. पुढील तीन वर्षांत लवादाच्या मार्गाने ते वाढते आणि सहा वर्षे पूर्ण झाल्यावर खेळाडू ‘फ्री एजंट’ होऊन कोणत्याही संघाशी करार करू शकतो. तेव्हा आघाडीच्या खेळाडूचा वर्षाचा मोबदला तीन कोटी डॉलरच्याही पुढे जातो. म्हणजे गुणवान तरुण खेळाडू ही सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत मौल्यवान वस्तू ठरते. पुनर्बांधणी करणारा क्लब आपले प्रस्थापित खेळाडू विजेतेपदाच्या शर्यतीतील संघांना देतो आणि बदल्यात त्यांचे १९-२० वर्षांचे होतकरू खेळाडू घेतो.

आयपीएल पाहणाऱ्या वाचकाला यात एक फरक लक्षात घ्यावा लागेल. तेथे मोठ्या लिलावानंतर दोन दिवसांत संघाचा चेहरामोहरा बदलतो. बेसबॉलमध्ये असे होत नाही. शाळा किंवा महाविद्यालयातून निवडलेला मुलगा सहसा थेट मुख्य संघात येत नाही. त्याला मायनर लीगच्या पायऱ्या चढाव्या लागतात आणि त्यात तीन-चार वर्षे सहज जातात.

पेरलेले सारेच उगवत नाही

मायनर लीगमधील या व्यवस्थेला अमेरिकेत ‘फार्म सिस्टिम’ म्हणतात आणि हा शब्द फारच समर्पक आहे. प्रत्येक क्लबचे मुख्य संघाखाली चार स्तरांवरील चार संघ असतात, शिवाय अगदी नवख्यांसाठी वेगळ्या स्पर्धा असतात. ड्राफ्टच्या २० फेऱ्यांत निवडल्या जाणाऱ्या खेळाडूंपैकी बहुसंख्य मेजर लीगचे मैदान कधीच पाहत नाहीत. पहिल्या क्रमांकाच्या निवडीचीही हमी नसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१३ च्या ड्राफ्टचे. त्या वर्षी पहिली निवड ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजकडे होती. त्यांनी मार्क अ‍ॅपेल या पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, घेतले. दुसऱ्या क्रमांकावर शिकागोच्याच कब्ज या संघाने क्रिस ब्रायंट या फलंदाजाची निवड केली. ब्रायंट २०१५ मध्ये सर्वोत्तम नवोदित खेळाडू आणि २०१६ मध्ये नॅशनल लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. अ‍ॅपेलने मेजर लीगमध्ये पाऊल ठेवले ते २०२२ मध्ये आणि तेही फिलाडेल्फियाकडून. दुसरीकडे, ह्यूस्टनच्या यशाचा कणा ठरलेला होझे आल्टुवे हा व्हेनेझुएलाचा बुटका खेळाडू २००७ मध्ये अवघ्या सुमारे १५ हजार डॉलरमध्ये करारबद्ध झाला होता. त्याच ह्यूस्टनने २०१४ च्या मार्चमध्ये निरुपयोगी म्हणून सोडून दिलेला जे. डी. मार्टिनेझ पुढे डेट्रॉइटमध्ये जाऊन आघाडीचा फलंदाज बनला. गुणवत्ता हेरण्याच्या कामात तज्ज्ञांचेही अंदाज किती चुकतात, हे यावरून ध्यानात येते.

विजयांचा हिशेब

क्रिकेटच्या चाहत्याला बेसबॉलचे आकडे सुरुवातीला चक्रावून टाकतात. येथे विजेता संघही साठेक सामने हरतो. कब्जने २०१६ मध्ये विजेतेपद मिळविले, त्या मोसमात नियमित फेरीत त्यांचे ५८ पराभव झाले होते. ह्यूस्टनचे २०१७ मधील पराभव ६१ होते. निम्मे म्हणजे ८१ सामने जिंकणारा संघ मध्यम, ९० च्या आसपास जिंकणारा बाद फेरीच्या शर्यतीत आणि १०० जिंकणारा बलाढ्य, असा ढोबळ हिशेब आहे. साठ विजयांचा संघ एका वर्षात नव्वदवर पोहोचावा ही अपेक्षा त्यामुळे बहुधा फोल ठरते. अपवाद आहेत. कॅन्सस सिटी रॉयल्स २०२३ मध्ये १०६ सामने हरले आणि २०२४ मध्ये ८६ सामने जिंकून बाद फेरीत पोहोचले. पण त्यासाठी त्यांनी मधल्या हिवाळ्यात अनुभवी खेळाडूंवर सढळ हाताने खर्च केला होता आणि बॉबी विट ज्युनियरसारखा अव्वल खेळाडू त्यांच्याकडे आधीच होता.

प्रगती सरळ रेषेत होत नाही, हेही लक्षात ठेवावे लागते. कब्जचे २०१२ पासूनचे विजय पाहा : ६१, ६६, ७३ आणि मग एकदम ९७. बाल्टिमोर ओरिओल्सने २०२१ मध्ये ५२, २०२२ मध्ये ८३ आणि २०२३ मध्ये १०१ सामने जिंकले. पहिली दोन-तीन वर्षे काहीच घडत नाही असे वाटते, आणि तरुण खेळाडू एकाच वेळी पक्व झाले की संघ अचानक उसळी घेतो. अर्थात, काहीच न घडणे हे कधी उसळीपूर्वीची शांतता असते, तर कधी खरोखरच काही घडत नसते. त्या दोहोंतील फरक ओळखणे हीच चाहत्याची खरी कसोटी होय.

दोन यशोगाथा आणि त्यांची किंमत

पुनर्बांधणीचे समर्थक हमखास ह्यूस्टनचा दाखला देतात. २०११ ते २०१३ या तीन मोसमांत हा संघ अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने हरला. २००७ मध्ये वर्षाकाठी ३० लाखांहून अधिक प्रेक्षक खेचणाऱ्या या क्लबची प्रेक्षकसंख्या २०१२ मध्ये सुमारे १६ लाखांवर घसरली. २०१३ च्या सप्टेंबरात तर एका सामन्याच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणाला निल्सनच्या मोजणीत चक्क शून्य रेटिंग मिळाले. परंतु २०१५ मध्ये संघ बाद फेरीत पोहोचला आणि २०१७ मध्ये त्याने पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज जिंकली. पुढे प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा कॅमेऱ्याच्या साह्याने चोरल्याचे प्रकरण उघडकीस आले. २०२० च्या जानेवारीत लीगने क्लबला ५० लाख डॉलर दंड ठोठावला आणि त्याच्या ड्राफ्टमधील निवडी काढून घेतल्या. पुनर्बांधणीचे शिल्पकार जेफ लुनाव यांची नोकरी गेली. ज्यासाठी चाहत्यांनी एवढे सोसले, त्या करंडकालाही डाग लागला.

दुसरा दाखला कब्जचा. २०११ च्या ऑक्टोबरात थिओ एपस्टाइन यांनी सूत्रे हाती घेतली, तेव्हा या संघाने १९०८ नंतर वर्ल्ड सिरीज जिंकलेली नव्हती. २०१६ मध्ये ती प्रतीक्षा संपली. या यशात ड्राफ्टइतकाच वाटा चतुर अदलाबदलींचा होता. बाल्टिमोरमध्ये चाचपडत असलेला जेक अरिएटा हा पिचर कब्जकडे आला आणि २०१५ मध्ये साय यंग पुरस्काराचा मानकरी ठरला. महत्त्वाचे म्हणजे तरुण खेळाडू तयार होत आहेत असे दिसताच, २०१४ च्या डिसेंबरात, क्लबने जॉन लेस्टर या अनुभवी पिचरशी सहा वर्षांचा १५ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. तरीही विजेतेपद एकच मिळाले. २०२१ च्या जुलैत ब्रायंट, अँथनी रिझो आणि हावियर बाएझ हे तिघेही अन्य संघांना देण्यात आले. पाच वर्षे सोसून पाच वर्षांचे सुख, असा हा व्यवहार झाला. आणि हे सर्वाधिक यशस्वी उदाहरणांपैकी एक आहे!

अर्धे यश आणि पूर्ण अपयश

बाल्टिमोरची कहाणी अधिक सूचक आहे. २०१८ मध्ये ११५, २०१९ मध्ये १०८ आणि २०२१ मध्ये ११० पराभव सोसून हा संघ उभा राहिला. अ‍ॅडली रचमन, गनर हेंडरसन असे उत्तम खेळाडू घडले. परंतु २०२३ आणि २०२४ च्या बाद फेऱ्यांत मिळून पाच सामने खेळून संघ पाचही हरला. २०२४ नंतर प्रमुख पिचर कॉर्बिन बर्न्स अ‍ॅरिझोनाला गेला. त्याच्या तोडीचा दुसरा पिचर आला नाही आणि २०२५ मध्ये संघ पुन्हा ८७ सामने हरला. चांगला संघ बांधणे आणि विजेता संघ बांधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्याचा अर्थ.

पिट्सबर्ग पायरेट्सच्या चाहत्यांनी तर १९९३ ते २०१२ असे सलग २० मोसम पराभवांची संख्या विजयांहून अधिक पाहिली. मग २०१३ ते २०१५ अशी तीन वर्षे संघ बाद फेरीत गेला. २०१५ मध्ये ९८ विजय मिळवूनही एका निर्णायक सामन्यात त्यांना गाशा गुंडाळावा लागला. समोर कब्ज होते आणि चेंडू अरिएटाच्या हातात होता. त्यानंतर पुन्हा ये रे माझ्या मागल्या. २०२५ मध्ये त्यांच्या पॉल स्कीन्सने साय यंग पुरस्कार पटकावला, पण संघ मात्र ९१ सामने हरला. एक खेळाडू संघ तारत नाही.

आणि व्हाइट सॉक्स? त्यांची पहिली पुनर्बांधणी कागदावर आदर्श होती. क्रिस सेलच्या बदल्यात बॉस्टनकडून योआन मोंकाडा आणि मायकेल कोपेक हे तेव्हाचे नावाजलेले तरुण खेळाडू मिळाले. २०२१ मध्ये ९३ विजयांसह संघाने आपला विभाग जिंकला आणि क्लबच्या इतिहासात प्रथमच सलग दोन वर्षे बाद फेरी गाठली. तेथे ह्यूस्टनने त्यांना हरविले. पुढील वर्षी ८१ विजय, २०२३ मध्ये १०१ पराभव आणि मग ते विक्रमी १२१. दुखापती झाल्या, तरुणांची प्रगती थांबली आणि मोक्याच्या वेळी खर्चाला हात आखडता घेतला गेला. क्लबच्या इतिहासातील सर्वांत मोठा करार २०२२ च्या डिसेंबरातील अँड्र्यू बेनिनटेंडीचा, साडेसात कोटी डॉलरचा. म्हणजे त्याच शहरातील कब्जने लेस्टरसाठी आठ वर्षांपूर्वी मोजलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी. दैवाचा खेळ असा की, ज्या २०२४ मध्ये व्हाइट सॉक्स १२१ सामने हरले, त्याच वर्षी क्रिस सेल अटलांटाकडून साय यंग पुरस्कार जिंकत होता.

नियम बदलले, हिशेबही बदलला

ह्यूस्टनचा मार्ग आता पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. मुद्दाम तळाशी जाण्याला आळा घालण्यासाठी २०२२ च्या करारात ड्राफ्टच्या पहिल्या सहा निवडींसाठी सोडत सुरू करण्यात आली. सर्वांत तळाच्या तीन संघांना पहिल्या निवडीची समान, १६.५ टक्के संधी असते. शिवाय मोठ्या उत्पन्नाच्या क्लबला लागोपाठ दोन वर्षे या सोडतीचा लाभ घेता येत नाही. त्यामुळेच १२१ पराभवांनंतरही व्हाइट सॉक्सला २०२५ च्या ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर निवड करावी लागली. २०२५ च्या डिसेंबरातील सोडतीत मात्र त्यांच्या नावाची चिठ्ठी निघाली आणि २०२६ ची पहिली निवड त्यांच्याकडे आली. थोडक्यात, हरण्याचे फळ आता हमखास मिळत नाही. ते नशिबावर अवलंबून आहे.

क्लबच्या हातातील आणखी एक हत्यारही यामुळे थोडे बोथट झाले. २०१५ मध्ये ब्रायंट तयार असूनही मोसमाचे पहिले काही दिवस त्याला मायनर लीगमध्येच ठेवण्यात आले. त्यामुळे त्याच्या सेवेचे वर्ष एका दिवसाने अपुरे राहिले आणि क्लबचा हक्क एक वर्षाने वाढला. त्याने केलेली तक्रार लवादाने २०२० मध्ये फेटाळली. २०२२ च्या करारानुसार आता सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोहोंत आलेल्या खेळाडूला पूर्ण वर्षाची सेवा मिळते.

मग अपेक्षा काय ठेवावी?

पहिल्या दोन वर्षांत विजयांची संख्या पाहू नये. ती वाईटच असणार. पाहावे ते हे की, दिलेल्या खेळाडूंच्या बदल्यात काय आले आणि मायनर लीगमधील मुले दरवर्षी वरच्या पायरीवर जात आहेत का. नावाजलेल्या दहा होतकरूंपैकी दोन-तीन जरी मेजर लीगचे भक्कम खेळाडू झाले, तरी समाधान मानावे. बाकीच्यांची नावे विसरण्याची तयारी ठेवावी.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी मात्र फलक बोलू लागला पाहिजे. तरुण खेळाडू मुख्य संघात दिसावेत, चुका कमी व्हाव्यात, विजय सत्तरीकडे सरकावेत. कब्ज आणि ह्यूस्टन या दोघांनीही पुनर्बांधणीच्या पहिल्या चार वर्षांत बाद फेरी गाठली होती. पाचव्या वर्षीही व्यवस्थापन ‘अजून थोडे थांबा’ म्हणत असेल, तर चाहत्याने शंका घेण्यास हरकत नाही. कॅन्सस सिटीला विजेतेपदासाठी २००६ ते २०१५ अशी नऊ वर्षे लागली हे खरे, पण तो मापदंड नव्हे.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा पैशाची. पुनर्बांधणीच्या काळात वेतनावरील खर्च घटतो. तिकिटांचे आणि दूरचित्रवाणीचे उत्पन्न मात्र काही ना काही येतच असते. वाचवलेला हा पैसा योग्य वेळी संघावर परत खर्च होणार असेल, तर ती गुंतवणूक. तो परतच येणार नसेल, तर ‘पुनर्बांधणी’ हे केवळ काटकसरीचे गोंडस नाव ठरते. चाहता तिकीट काढतो, मुलांना मैदानावर नेतो, रोज संध्याकाळचे तीन तास देतो. त्या बदल्यात विजेतेपद मागण्याचा त्याला अधिकार नाही, कारण ३० पैकी एकालाच ते मिळते. मात्र प्रामाणिक प्रयत्न मागण्याचा अधिकार त्याला निश्चित आहे.

२०२५ मध्ये व्हाइट सॉक्सने ६० सामने जिंकले आणि १०२ गमावले. आदल्या वर्षापेक्षा १९ विजय अधिक. जुलैत पदार्पण केलेल्या कोल्सन मॉन्टगोमेरीने उरलेल्या मोसमात २१ होमरन ठोकले. एवढ्याने आनंदाला उधाण यावे असे काही नाही, पण दुसऱ्या पुनर्बांधणीच्या वाटेवर हा पहिला मैलाचा दगड नक्कीच म्हणता येईल. पुढचा दगड मैदानावरील मुलांनी रोवायचा आहे. आणि त्यापुढचा, म्हणजे तिजोरी उघडण्याचा, क्लबच्या मालकांनी. पहिल्या खेपेला तोच दगड राहून गेला होता. दक्षिण शिकागोतील चाहत्यांनी आता नजर ठेवायची ती त्यावरच.